रविवार, एक सही आणि शाळेचा दाखला

तीनशे शब्दांचा निबंध साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९ मे २०२४ ची पहाट, पुण्याचे कल्याणीनगर, भरधाव पोर्शे, दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू आणि त्याच दिवशी अल्पवयीन चालकाला त्या निबंधाच्या अटीवर मिळालेला जामीन, हे पुन्हा सांगत बसायला नको. पडद्यामागची गोष्ट आहे ती वाराची. तो रविवार होता. बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असे तिघे असतात. मंडळ बसलेले नसेल तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७ नुसार मुलाला एकट्या सदस्यापुढेही हजर करता येते. त्या दिवशी तसेच झाले आणि आदेशावर सही पडली ती एका बिगरन्यायिक सदस्याची. लोक खवळले. २२ मे रोजी मंडळाने मुलाला निरीक्षणगृहात धाडले, तेव्हा सगळ्यांना वाटले, आता बरोबर झाले. पण २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ती रवानगीच बेकायदा ठरवली, कारण मूळ जामीन रद्द झालेलाच नव्हता. पुढे ऑक्टोबरमध्ये मंडळाच्या दोन सदस्यांना घरी जावे लागले. ज्या कागदावर राज्य संतापले तो कागद उभाच राहिला. पडली ती संतापाच्या भरात केलेली दुरुस्ती.

मांडवगण फराट्याच्या पारावर हा किस्सा सांगितला की ऐकणारे हळहळतात, पण त्यांचा प्रश्न वेगळाच असतो: “शनिवारी सांजच्याला सापडलेलं पोर सोमवारपर्यंत ठेवायचं कुठं?” प्रश्न अगदी बिनतोड आहे. गाव शिरूर तालुक्याच्या टोकाला, भीमा ओलांडली की दौंड तालुका. पोलीस ठाणे शिरूरला आणि बाल न्याय मंडळ येरवड्याला. म्हणजे न्हावरे, तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, वाघोली करत जायचे. कायदा सांगतो की मुलाला कोठडीत घालायचे नाही, बेडी ठोकायची नाही आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मंडळापुढे उभे करायचे. कल्याणीनगरपासून येरवडा हाकेच्या अंतरावर. मांडवगणातून निघालेल्या पोराचा तो उभा दिवस असतो आणि त्याच्या आजीचा त्या दिवसाचा रोजगार बुडालेला असतो.

भीमेकाठच्या एका गावातला किस्सा सांगतो. गाव आणि माणसे दोन्ही बिननावाची राहू देत, कारण अशा मुलांची ओळख उघड करायला कलम ७४ मनाई करते आणि ती मनाई योग्यच आहे. नदीवरच्या मोटारींच्या केबली रात्रीतून गायब होत होत्या. आतले तांबे काढून घेऊन वरचे काळे आवरण तेवढे काठावर टाकलेले सापडायचे. एका पहाटे पंधरा वर्षांचा पोरगा सापडला. हवालदार नुकतेच प्रशिक्षण घेऊन आलेले होते. मुलाच्या घरी गणवेशात जायचे नाही हे त्यांनी लक्षात ठेवले होते, पण जवळ साधा सदरा नव्हता. चहाच्या टपरीवाल्याचा चौकड्याचा सदरा अंगात घालून ते वस्तीवर गेले. आजीने पाहुणे समजून पाट मांडला, भाकरी आणि खर्डा पुढे केला. “बाप गेल्याधरनं ह्यो शाळंत जाईना बघा,” ती सांगत राहिली. मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल म्हणून जो नमुना भरायचा असतो, त्याचे रकाने एकेक करत आपोआप भरत गेले. शेवटी आजी म्हणाली, “त्यो भंगारवाला येतो रातीचा. त्योच इजेरीचे पैसे देतो ह्याला.” पोराला पुढे करून चोरी करवून घेणारा मोठा माणूस असा उघडा पडला. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्याला कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. खाकी उतरवायचा नियम केला होता मुलाला भीती वाटू नये म्हणून. तपास लागला तो त्याच नियमाने.

आता जरा दिल्लीकडे. २०१५ चा कायदा निर्भया प्रकरणातून आला हे सगळे जाणतात. तो कसा मंजूर झाला ते फार थोड्यांच्या लक्षात आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यांत प्रौढांप्रमाणे खटला चालवायची वाट उघडू नये, असे संसदेच्या स्थायी समितीने फेब्रुवारी २०१५ मध्येच लिहून दिले होते. वय खाली आणू नये, असे त्याआधी न्यायमूर्ती वर्मा समितीनेही सांगितले होते. लोकसभेने ७ मे रोजी विधेयक मंजूर केले आणि राज्यसभेत ते अडकून पडले. २० डिसेंबरला त्या प्रकरणातला अल्पवयीन सुटला. देश रस्त्यावर उतरला आणि अवघ्या दोन दिवसांनी, २२ डिसेंबरला, निर्भयाच्या आईवडिलांच्या उपस्थितीत राज्यसभेने विधेयक मंजूर केले. मेख अशी की, ज्याच्यासाठी एवढी घाई झाली त्याला हा कायदा लागूच होणार नव्हता. गुन्हा घडला तेव्हा नसलेली शिक्षा मागाहून लावता येत नाही, हे राज्यघटनेचे कलम २० सांगते. लागू झाला तो शिरूर-दौंडच्या पोरांना, १५ जानेवारी २०१६ पासून.

त्या घाईत ११२ कलमांचा कायदा पुढे सरकला आणि चर्चा झाली ती वयाची. मंडळाच्या सदस्यांना नेमणुकीपासून साठ दिवसांत प्रशिक्षण द्यावे, हे कलम ४ मध्येच लिहिले आहे. प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक फौजदारापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा, जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असावे, त्यात दोन समाजकार्यकर्ते असावेत, हे कलम १०७ मध्ये आहे. या कलमांवर कुणी घोषणा दिल्या नाहीत आणि कुणी मेणबत्त्याही लावल्या नाहीत. २००५ मध्ये संपूर्णा बेहुरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली ती नेमक्या याच दुर्लक्षित कामांसाठी. रिकाम्या जागा, न भरणारी मंडळे, न होणारी प्रशिक्षणे हे तिचे विषय होते. न्यायमूर्ती मदन लोकूर यांच्या खंडपीठाने सविस्तर निकाल दिला तो ९ फेब्रुवारी २०१८ रोजी. याचिका दाखल झाली तेव्हा सहा वर्षांचे असलेले मूल निकालाच्या दिवशी कायद्याने मूल उरलेलेच नव्हते.

याचिकांच्या पडद्यामागचा सर्वात विलक्षण किस्सा मात्र पत्रकार शीला बारसे यांचा. देशभरच्या तुरुंगांत मोठ्यांबरोबर डांबलेल्या मुलांसाठी त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८६ च्या त्या सुनावणीत न्यायालयाने मुलांसाठी देशभर एकच कायदा असावा असे सुचवले आणि त्याच वर्षी पहिला बाल न्याय कायदा झाला. इथवर पाठ्यपुस्तकात असते. पुढे राज्य सरकारे माहिती देईनात, तारखांवर तारखा पडू लागल्या. वैतागलेल्या बारसे यांनी १९८८ मध्ये आपली याचिका परत मागितली. न्यायालयाने ती दिली नाही. लोकहिताची याचिका एकदा दाखल झाली की ती एकट्या अर्जदाराची राहत नाही, असे सांगून बारसे यांचे नाव काढले आणि त्या जागी सर्वोच्च न्यायालयाच्या विधी साहाय्य समितीला बसवले. लढा सुरू करणारी बाई खटल्याबाहेर गेली आणि लढा चालू राहिला.

मुंबईत डोंगरीला आणखी एक गंमत दडलेली आहे. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात अब्रुनुकसानीच्या शिक्षेवर टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते आणि आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पण त्या तुरुंगाचे पुढे काय झाले हे विचारा, बहुतेक जण गप्प होतात. १९२४ च्या मुंबई मुलांच्या कायद्यानंतर १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि ती जुनी वास्तू मुलांच्या निरीक्षणगृहाकडे आली. मुलांना तुरुंगात ठेवू नये म्हणून कायदा केला आणि जागा मिळाली ती तुरुंगाची.

येरवड्यातही दोन दारे जवळजवळच आहेत. एक मध्यवर्ती कारागृहाचे, दुसरे पंडित जवाहरलाल नेहरू उद्योग केंद्राचे. मुलांचे निरीक्षणगृह आणि मंडळ या दुसऱ्या दारात. कोण कुठल्या दारातून आत जाणार हे जन्मतारीख ठरवते. २६ ऑगस्ट १९९४ ला पुण्यात एका घरात सात जणांचे हत्याकांड झाले. त्या दुःखाची आठवण आजही शहराला आहे. पकडलेल्यांपैकी एकाचे वय कागदोपत्री विशीच्या पुढचे लागले. सत्र न्यायालयाने फाशी दिली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मग राजस्थानातल्या एका गावातल्या शाळेची नोंद पुढे आली. अल्पवयाचा मुद्दा निकालानंतरही, कुठल्याही टप्प्यावर काढता येतो. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करवली आणि २७ मार्च २०२३ ला जाहीर केले की घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. त्याचा अपराध पुसला गेला नाही, पण बाल न्यायात त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. तो बाहेर आला अठ्ठावीस वर्षांनंतर. शाळेचा दाखला एवढी वर्षे शाळेतच होता आणि तो मागवायचे कोणाला सुचले नव्हते.

दाखल्याचा विषय निघाला की शिरूर-दौंडच्या गावांत हसू फुटते. इथल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो. आईबापांना तारीख आठवेना, शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजींनी १ जून लिहून मोकळे व्हायचे. त्या गुरुजींचा हेतू निर्मळ होता, पोर शाळेत आले पाहिजे एवढाच. पण कलम ९४ म्हणते, वय ठरवताना आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. गुरुजींनी हौसेने एक वर्ष वाढवून पहिलीत घातलेले पोर सतराव्या वर्षी भांडणात सापडले, तर कागदावर ते अठराचे भरते. ऊसतोडीच्या कोपीवर जन्मलेल्या मुलाला तर ना शाळेचा दाखला, ना पंचायतीचा. म्हणून शाळा भरली की नोंदी तपासून घेणारी अंगणवाडी सेविका मला कुठल्याही वकिलाइतकीच मोलाची वाटते. तिने वेळेत लावलेली जन्मनोंद एखाद्या मुलाला चुकीच्या दारातून आत जाण्यापासून वाचवते.

प्रशिक्षणाचे किस्से तर न संपणारे. एका वर्गात व्याख्याते सांगत होते, मंडळाची खोली न्यायालयासारखी दिसता कामा नये. उंच चौथरा नको, साक्षीदाराचा पिंजरा नको, मंडळ न्यायालयाच्या किंवा तुरुंगाच्या आवारात भरवायचे नाही. मागच्या बाकावरच्या एका फौजदारांनी हात वर केला. सगळ्यांना वाटले, नेहमीप्रमाणे गाडीभत्त्याचा प्रश्न. ते म्हणाले, “खोली बदलली, बरं झालं. पण आमच्या ठाण्यात पोरगं पहिल्यांदा येतं ते आरोपींच्या बाकावर. तो बाक कोण हलवणार?” वर्ग गप्प झाला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच आपल्या ठाण्यात फोन लावला आणि मुद्देमालाच्या खोलीशेजारची छोटी खोली झाडून घ्यायला सांगितली. त्या दिवसाची सगळी सादरीकरणे मी विसरलो, ती खोली मात्र पाहून आलो. त्यात एक सतरंजी, पाण्याचा माठ आणि भिंतीवर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक होता.

पण त्या फौजदारांची पुढे बदली झाली. इथे या व्यवस्थेचे जुने दुखणे सुरू होते. प्रशिक्षण देते महिला व बाल विकास खाते, माणूस असतो गृह खात्याचा, निवड करतात तिसरेच आणि बदलीचा आदेश येतो चौथीकडून. दोन खात्यांत वैर नाही, पण प्रत्येकाला वाटते की पोर दुसऱ्याचे. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बरीच मंडळी कंत्राटी. ती अनुभवी झाली की दुसरीकडे चांगली नोकरी शोधतात आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने मंडळांपाशी मदतकक्ष चालवून दाखवले की बाहेर बाकावर बसलेल्या आईबापांना कोणी नुसते नीट समजावून सांगितले तरी निम्मी भीती उतरते. महिला व बाल विकास आयुक्तालय पुण्यातच आहे. सगळ्या महाराष्ट्राचा कारभार जिथून चालतो, तिथून मांडवगण एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. तरी तिथला शिकलेला माणूस बदलून गेला की त्याच्या जागी आलेल्याला पहिल्यापासून धडे गिरवावे लागतात.

पैशाचा किस्सा नावांपासून सुरू होतो. २००९ मध्ये एकात्मिक बाल संरक्षण योजना आली, मग तिची बाल संरक्षण सेवा झाली, आता ती मिशन वात्सल्य आहे. दर वेळी पाट्या, शिक्के आणि नोंदवह्या नव्या झाल्या. केंद्राची त्यासाठीची तरतूद २०२२-२३ मध्ये १,४७२ कोटी होती. २०२५-२६ मध्ये ती १,५०० कोटी होती, आणि ही सगळ्या देशाची रक्कम. तरीही या आकड्यांआड एक चांगली गोष्ट घडली. मूल संस्थेत न पाठवता घरीच राहावे म्हणून दिले जाणारे प्रायोजकत्व महिन्याला २,००० वरून ४,००० झाले. राज्याची स्वतःची बालसंगोपन योजना ४२५ वरून ११००, आणि २०२३ मध्ये २२५० रुपयांवर गेली. विधवा आई, आजारी बाप, आजीपाशी राहणारी नातवंडे अशा घरांसाठी ही रक्कम फार मोठी आहे. केबल चोरणाऱ्या त्या पोराच्या आजीला या योजनेचे नाव पहिल्यांदा कळले ते हवालदारांच्या तोंडून. पोर पकडले जाईपर्यंत तिला ती कोणी सांगितलीच नव्हती.

निधी आटणार हे आधीच ओळखून तयारी केली ती आमच्या दौंड तालुक्यात एका बाईने, सव्वाशे वर्षांपूर्वी. पंडिता रमाबाईंच्या कामाला बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने १८८७ पासून दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले होते. दहा वर्षांनंतर काय, या विचाराने रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली. बेत असा की फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर काम चालावे. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून रमाबाई शेकडो उपाशी मुली आणि बालविधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा कहर होता आणि अधिकाऱ्यांनी एवढ्या मुलींना शहरात ठेवायला मनाई केली. रमाबाई त्यांना घेऊन केडगावच्या त्या रानात उतरल्या. झोपड्या उभ्या राहिल्या आणि मुक्ती मिशन वाढले. शहराने नाकारलेल्या मुलींना पैशाच्या काळजीपोटी घेतलेल्या जमिनीने आसरा दिला.

केडगावच्या पुढे रेल्वेने गेले की दौंड जंक्शन. घरातून रागावून निघालेली, कामाच्या आमिषाने आलेली, नुसतीच गाडीत झोप लागून पुढे आलेली मुले या फलाटांवर उतरतात. एकदा एक लहानगा फलाटाच्या अगदी टोकाला सापडला. फलाट लोहमार्ग पोलिसांचा, बाहेरचा रस्ता ग्रामीण पोलिसांचा, गाडीतले मूल रेल्वे सुरक्षा दलाचे. कागद कोणी करायचा यावर बोलणे लांबले. तेवढ्यात चहाच्या गाड्यावरच्या मावशींनी त्याला जवळ बसवून दूध-पाव दिला आणि गावाचे नाव काढून घेतले. अशा मुलाला चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचे असते आणि या समितीत अध्यक्षांसह पाच जण असतात. समितीच्या कागदात पहिली नोंद पडली ती मावशींनी सांगितलेल्या गावाची. हद्द ठरली त्यानंतर.

एवढे किस्से सांगितले ते करमणुकीसाठी नव्हेत. कायदा बदलला तो गाजलेल्या एका घटनेमुळे, आणि चालला तो चौकड्याच्या सदऱ्यातल्या हवालदारामुळे, दाखले तपासणाऱ्या सेविकेमुळे. पैसा आणि प्रशिक्षण मात्र अजून गाजलेल्या घटनांच्याच मागे धावतात. ते उलटे व्हायला हवे आणि त्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, पोलीस पाटील सदस्य. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो मार्चअखेरीस खुर्च्या घेण्यात संपवण्यापेक्षा त्यातून शाळा सुटलेल्या पोरांची यादी करावी, जन्मनोंदी पुऱ्या कराव्यात, बालसंगोपनाचे अर्ज भरून द्यावेत. बदली होऊन येणाऱ्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने पदभार घेण्याआधी प्रशिक्षण घेतलेच पाहिजे, अशी सक्ती व्हावी. येरवड्याला तारखेला येणाऱ्या आईला, आजीला एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज मिळावा. पुढच्या ग्रामसभेत मांडवगण फराट्याने यातला एक जरी ठराव केला, तर न्हावरे, इनामगाव, वडगाव रासाईला तो मागायला तोंड राहील. आणि ठराव झाला की त्याची एक प्रत आयुक्तालयात हातोहात नेऊन देण्याची जबाबदारी माझी.